कपाळावरचा भोवरा

माणसाचं भवितव्य त्याच्या कपाळावर आधीच लिहिलेलं असतं, याबद्दल आपल्या सर्व शास्त्रांचं एकमत आहे. दिग्रसला ते वाचायला खेमसिंग नायकाला दर खेपेला सिनेमाचं तिकीट काढावं लागे, एवढीच काय ती अडचण होती.

ही गोष्ट एकसष्ट-बासष्टच्या हंगामातली. कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनाबाहेर रांगेला लागल्या की मागोमाग टुरिंग टाकी, म्हणजे फिरता सिनेमा, यायची आणि जिनामागच्या पडीत वावरात तंबू ठोकायची. तंबूत मधोमध कनात, एका अंगाला बाया आणि एका अंगाला पुरुष. मशीन एकच होतं. त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागत आणि नवं रीळ चढेपर्यंत प्रेक्षकांना मतं मांडायला सवड मिळे. नागपूरला म्हणे दोन मशिनी असतात आणि सिनेमा सलग चालतो. तिथल्या लोकांना सिनेमातलं काही कळत नाही, ते त्यामुळेच असावं.

आमची चौघांची बैठक अगदी मागे, खुर्च्यांवर, इंजिनाच्या धडधडीला लागून. तिथून पडदा लांब पडे. त्यातून पडद्याला बरोबर मधे ठिगळ होतं आणि बोलणाऱ्याचं तोंड नेमकं त्या ठिगळावर येई. पण खुर्चीवर बसणारा माणूस चांगलं दिसतं म्हणून पुढे तरटावर जाऊन बसत नसतो.

चौघांत विठ्ठलराव वयानं आणि वावरानं मोठे. तीन बैलजोड्या, कापूस, तूर, घरात शकुबाई आणि मॅट्रिक झालेली एकुलती एक मुलगी प्रभावती. किसनराव बाजारात अडत्या होते आणि सगळ्या जगाकडे सरकीसकट वजन केल्यासारखं पाहायचे. मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो, म्हणून मला मास्तर म्हणत आणि माझं मत शेवटी विचारत, म्हणजे दिवे गेल्यावर. चौथा खेमसिंग, गावाबाहेरच्या तांड्याचा नायक. त्याच्या आज्याच्या काळी तांड्याची लदेणी चालायची. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून ही माणसं मुलूख पालथा घालायची. लदेणी गेली, आता तांड्याची वावरं होती, पण बैलाची पारख खेमसिंगच्या डोळ्यात उतरलेली होती. त्यानं पाहिल्याशिवाय पंचक्रोशीत कोणी बैल घेत नसे.

पाहून तो बोलायचा मात्र नाही. मालकादेखत त्याच्या बैलाला नाव ठेवू नये, अशी बाजाराची रीत. खेमसिंग खांद्यावरचा दुपट्टा काढायचा आणि त्याच्याखाली घेणाऱ्याचा हात धरायचा. बैल चांगला असला तर बोटं मोकळी ठेवायचा. खोड असली तर अंगठा तळहातात दाबायचा. अंगठा दाबला की सौदा संपला, कारण विचारायचं नाही. अंगठा दाबूनही ज्यांनी बैल घेतला त्यांच्या हकिकती बाजारात सांगितल्या जात. त्या सांगताना एरवी ओरडून बोलणारी माणसंही आवाज खाली आणत.

सिनेमाला आम्ही उशिरानंच आत शिरायचो. सिनेमाची सुरुवात म्हणजे लग्नातली मंगलाष्टकं, असं किसनरावांचं म्हणणं होतं. ज्याला दुसरं काम नाही त्यानं ती ऐकावी. तंबूसमोरच्या हॉटेलात दुसरा चहा संपला की आम्ही उठायचो, आत गोष्ट कुठवर आली ते कोणाला तरी विचारून घ्यायचो आणि मग मतं मांडायला मोकळे व्हायचो.

मतं ज्याच्या त्याच्या धंद्याप्रमाणे असत. किसनराव नटीकडे पाहून सांगत की ही वेचणीच्या कामाची नाही, दुपारपर्यंत कंबर धरून बसेल. विठ्ठलरावांचं सगळं लक्ष बापांकडे. मुलीचा बाप जिन्यावरून उतरताना दिसला की ते खुर्चीचे हात घट्ट धरत, कारण सिनेमातला बाप जिना चढतो तो देखाव्यासाठी आणि उतरतो तो मरण्यासाठी, हे त्यांनी अनुभवानं ओळखलं होतं. एकदा मी एका नटाच्या अभिनयात संयम आहे असं म्हणालो. किसनरावांनी मला बरं वाटत नाही का, ते विचारलं.

पहिला सिनेमा डाकूंचा होता. दुसऱ्या रिळात हिरोचा दोस्त आला. अनाथ पोर, जमीनदारानं घरात ठेवून घेतलेलं. त्याच्या कपाळावर डाव्या अंगाला केसांची एक बट गोल फिरून बसली होती. खेमसिंग इतका वेळ पेंगत होता, तो खुर्चीत ताठ झाला. शेजारी विठ्ठलराव होते. त्यांच्या हातावर दुपट्टा पडला आणि खाली अंगठा दाबला गेला. विठ्ठलरावांना वाटलं, नायकाला थंडी वाजली.

मध्यंतराच्या आत जमीनदाराला गोळी लागली. शेवटच्या रिळात तो दोस्तही मेला. घरी जाताना खेमसिंगनं कारण सांगितलं. मालक हजर नव्हता, म्हणून सांगायला हरकत नव्हती.

"त्याच्या कपाळाले भोवरा हाय, डाव्या अंगाले. असा बैल आंधी मालकाले खाते. मंग सोता मरते."

आम्ही हसलो. किसनराव सगळ्यांत जास्त हसले.

दुसऱ्या सिनेमात एक डॉक्टर होता. चष्मा, कोट, आणि चष्म्याच्या वर ती बट. अंगठा दाबला गेला. डॉक्टरला शिकवणारा म्हातारा सासरा छातीला हात लावून जिन्यात कोसळला आणि डॉक्टर पुढे रोग्यांची सेवा करता करता साथीत गेला. तिसऱ्या सिनेमात फौजी, भरघोस मिशा, टोपी काढली की बट. त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करणारा सुभेदार मध्यंतराला मेला आणि फौजी झेंडा हातात घेऊन शेवटाला. तंबूतून बाहेर पडताना किसनराव हसले नाहीत. जिनाच्या भिंतीशी सरकीचा ढीग अंधारात निजलेल्या जनावरासारखा पडला होता. त्याच्याजवळ थांबून खेमसिंग म्हणाला,

"तीन गावचे तीन बैल. भोवरा एकाच जागी. हे सादं नाही, मास्तर."

तीन पुरावे एका दिशेला जात असतील तर नियम मानावा लागतो. इतिहासात तर दीड पुराव्यावर घराणी उभी आहेत.

बातमी गावात पसरली. बट पाडायची तरुण पोरांची हौस त्या हंगामात अचानक थंडावली. दोन-तीन बापांनी पोरांना न्हाव्याकडे धरून नेलं. लोक एकमेकांशी बोलताना डोळ्यांऐवजी कपाळाकडे पाहू लागले, आणि समोरच्याच्या ते लक्षात आलं की तो हळूच टोपी खाली ओढायचा.

अशात प्रभावतीला उमरखेडचं स्थळ आलं.

मुलगा शाळेत मास्तर, घरी ओलिताची शेती, माणसं सरळ. मावसबहिणीच्या लग्नात मुलामुलीनं एकमेकांना पाहिलेलं होतं. प्रभावतीनं नाही म्हटलं नव्हतं. त्या घरात मुलीनं नाही न म्हणणं म्हणजे बरंच बोलणं झालं. एवढंच नाही, तर पाहुणे यायच्या दिवशी तिनं पोहे स्वतः केले आणि शकुबाईला चुलीजवळ येऊ दिलं नाही. पोरीला हे घर मनापासून हवं होतं आणि ते तिच्या बापाखेरीज सगळ्यांना दिसत होतं.

विठ्ठलरावांनी आम्हा तिघांनाही बोलावलं होतं. खेमसिंगला तर बोलावणारच, कारण त्यानं पाहिल्याशिवाय विठ्ठलरावांनी घरात कोणताही जीव आणला नव्हता.

मुलगा एस.टी.नं बापाबरोबर आला. टोपी घालून बसला. बोलायला मोकळा, हसरा. आम्ही चौघं त्याच्या टोपीकडे पाहत राहिलो. त्याचा बाप पाऊसपाण्याचं विचारत होता आणि विठ्ठलराव भलतीच उत्तरं देत होते. पोहे आले. पोह्यांत मिरची होती. मुलाला घाम फुटला आणि त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं.

केसांची एक बट सुटली, डावीकडे सरकली, आणि गोल फिरून थांबली.

गोठ्यात घुंगरू वाजत होतं ते थांबलं. खेमसिंगनं खांद्यावरचा दुपट्टा सावकाश काढला आणि विठ्ठलरावांच्या हातावर घातला. मला दुपट्ट्याखालचं दिसत नव्हतं. दिसायची गरज नव्हती, मी विठ्ठलरावांच्या तोंडाकडे पाहत होतो.

तेवढ्यात प्रभावती चहा घेऊन आली. काहीतरी विचारायचं म्हणून मुलानं विचारलं, इथं टाकी आली आहे म्हणे, तुम्ही सिनेमा पाहता का. ती म्हणाली, पाहते. कोणाचं काम आवडलं, असं त्यानं पुढे विचारलं. प्रभावतीनं कपबशी ठेवली आणि पहिल्यांदाच वर पाहिलं.

"मले तर तो आवडला, डाकूच्या सिनेमात होता ना, तोच मंग..."

"सिनेमाची गोष्ट नको," विठ्ठलराव म्हणाले. इतक्या जोरात म्हणाले की बशीतला चहा हलला. प्रभावती आत गेली.

तोंडावर नकार देणं रीतीला धरून नव्हतं, म्हणून साक्षगंधाची म्हणजे साखरपुड्याची तिथी धरली गेली. पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलरावांचा एक बैल दावणीला मरून पडलेला सापडला. बैल इतका म्हातारा होता की त्याच्या बरोबरीचे बैल आठवणारी माणसंही गावात थोडीच उरली होती. पण तो मरायला नेमका हाच दिवस का निवडतो, असं किसनरावांनी विचारलं. त्या आठवड्यात विहिरीचा दोर तुटला. नंतर माळवदाची एक फळी विठ्ठलराव उठून गेल्यावर त्यांच्या बाजेवर पडली.

विठ्ठलराव विहिरीकडे जाईनासे झाले. भिंतीपासून दूर, घराच्या अगदी मधोमध बाज टाकून झोपू लागले. पायऱ्या उतरताना आधी एक पाय खाली ठेवून थांबत आणि मगच दुसरा ठेवत. शकुबाईनं विचारलं तर काही सांगेनात. बायकांना घाबरवायचं कायले, असं त्यांचं म्हणणं. आमच्याजवळ मात्र ते म्हणाले की त्यांना स्वतःची काळजी नाही, काळजी आहे ती पोरीची. उद्या पोरीचं कुंकू पुसलं गेलं तर?

"पोरीचं कुंकू मागून पुसते, विठ्ठलराव," किसनराव म्हणाले. "आंधी नंबर मालकाचा हाय. नायकाचा हिसाब तसाच हाय."

यावर विठ्ठलराव बराच वेळ तंबाखू मळत राहिले. तंबाखूची भुकटी होऊन खाली सांडली तरी त्यांचा अंगठा चालूच होता.

उपाय मी सुचवला. शिकलेला माणूस म्हणून ते काम माझ्याकडेच आलं. बट कापून टाकली तर? मीच उमरखेडला गेलो आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आमच्याकडे बारीक केस पसंत करतात. त्यानं कारण विचारलं नाही. प्रभावतीच्या घरी तसं आवडत असेल तर हरकत नाही, एवढंच म्हणाला आणि थोडा लाजला. मला तो मुलगा फार आवडला. परतीच्या गाडीत मी त्याच्या कपाळाचा विचार करत आलो.

संक्रांतीला तो तिळगूळ घेऊन आला. डोकं जवळजवळ भादरलेलं. पण बट गेली तसा तिच्या मुळाशी असलेला भोवरा उघडा पडला होता. खळ्यावर बैल फिरून फिरून माती जशी गोल दिसते, तसा कपाळाच्या वर डाव्या अंगाला तो दिसत होता. खेमसिंगनं एकदा पाहिलं आणि मान वळवली. त्याला मी अंगणात गाठलं. तो माझ्यावर चिडला नाही. न कळणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्यानं मला सांगितलं.

"भोवरा केसात नसते, मास्तर. कातड्यात असते."

तरीही विठ्ठलरावांनी लगेच मोडलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. शकुबाईनं लुगडी आणून ठेवली होती. प्रभावती दुपारी ओसरीत बसून कसलं तरी भरतकाम करायची आणि बाप आला की ते मांडीखाली सारायची. ते पाहून विठ्ठलराव आत न जाता बाहेरूनच परत फिरायचे.

साक्षगंधाला आठवडा राहिला असताना टाकीत नवा सिनेमा लागला. विठ्ठलराव यायला तयार नव्हते. किसनरावांनीच आग्रह केला, की पाहा तर खरं, एखाद्या वेळी उलटंही निघते. आम्ही चहा घेतला आणि आत गेलो. पडद्यावर तुरुंग होता. कैदी रांगेनं चालले होते, सगळ्यांची डोकी भादरलेली. मला हायसं वाटलं. मग एक कैदी ठिगळाच्या बाहेर आला आणि त्यानं मान वर केली. दाढी वाढलेली, गाल बसलेले. भादरलेल्या डोक्यावर डाव्या अंगाला भोवरा.

खेमसिंगनं दुपट्टा काढलाच नाही. नुसते डोळे मिटून घेतले.

कैदी निर्दोष होता. एका भल्या म्हाताऱ्यानं त्याला सोडवून आणलं आणि आपली मुलगी दिली. पुढच्या रिळात तो म्हातारा देवाजवळ दिवा लावत होता. दिवा फडफडला. म्हातारा जिना उतरू लागला. विठ्ठलराव खुर्चीवरून उठून उभे राहिले. मशिनीच्या झोतात ते आले आणि त्यांची सावली सगळा पडदाभर पडली. लोक बसा बसा करत होते. सावलीच्या पोटात तो म्हातारा पायऱ्यांवरून घरंगळत खाली आला आणि पडला. सावली तशीच उभी राहिली.

शेवटच्या रिळात कैदीही मेला आणि दुसऱ्या दिवशी उमरखेडला निरोप गेला की पत्रिका जुळत नाही.

घरातही तेच सांगितलं गेलं. प्रभावतीचं भरतकाम कुठं गेलं ते कळलं नाही. ती सिनेमालाही येईनाशी झाली. मुलाचं लग्न वैशाखात पुसदला झालं. त्यानंतर पुसदच्या गाडीतून ओळखीचं कोणी उतरलं की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, त्या मास्तरचा सासरा कसा हाय. सासरा खणखणीत होता. त्या उन्हाळ्यात तो सरपंचही झाला. काही बैल वेळ घेते, असं खेमसिंग म्हणाला.

पावसाळ्यात विठ्ठलराव तापानं गेले.

विहिरीत पडले नाहीत, जिन्यावरून घसरले नाहीत. गावात निम्म्या घरी तो ताप होता आणि बाकीचे सगळे बरे झाले. पण त्या घराचा उंबरठा भोवऱ्यानं दोनदा ओलांडला होता, हे कोणी विसरलं नव्हतं. पहा, न देऊन सुटले नाहीत, देते तर काय झालं असतं, असं लोक एकमेकांच्या कानाशी बोलत. किसनरावांनी आपल्या पुतणीला आलेलं एक चांगलं स्थळ कारण न सांगता परत पाठवलं. खेमसिंग तेरवीला आला आणि त्याच्या दुपट्ट्याकडे पाहून माणसं दोन हात सरकून बसली.

प्रभावतीला नंतर स्थळं आली नाहीत. एकदा पत्रिका जुळली नाही म्हटलं की ती कोणाशीच जुळत नाही, असं आपल्याकडे धरून चालतात. ती मुलींच्या शाळेत शिकवायला लागली.

पुढच्या हंगामात टाकी पुन्हा आली. तंबूकडे जाणाऱ्या रस्त्यावर शाळेच्या भिंतीला सिनेमाचा कागद चिकटवलेला होता आणि त्याच्यासमोर प्रभावती उभी होती. माझी ती जुनी विद्यार्थिनी. मला पाहून थांबली.

"सर, तुमाले एक विचारू? बाबा आता नाहीत, म्हणून विचारते. माही पत्रिका कोणी काढलीच नव्हती. मले माहीत हाय. मंग मोडलं कायले?"

मी सगळं सांगितलं. तिथंच, भिंतीशी उभं राहून. बैलबाजार, दुपट्टा, अंगठा, भोवरा, मेलेले चार नट आणि त्यांच्या आधी मेलेले चार म्हातारे. तिच्या बापानं हे घरात का सांगितलं नाही तेही सांगितलं. माझं झाल्यावर तिनं विचारलं,

"चार नट कोणते, सर?"

"डाकूतला तो दोस्त. मग डॉक्टर, मग फौजी. आणि तो कैदी."

प्रभावतीनं भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर्गात एखादं पोर सोपं गणित चुकलं की मास्तरीण जशी थोडी थांबते, तशी ती थांबली.

"चार नाहीत, सर. तो एकच माणूस हाय. त्याले दर सिनेमात मरायचंच काम देतात. सुरुवातीले नाव येते ना पडद्यावर, आमी बाया वाचत होतो."

सुरुवातीला आम्ही हॉटेलात चहा पीत असायचो.